बंद करू नये

कामाच्या वेळी सासूने सुनेला फोन करायचा नाही, असा काही त्या घरात कायदा नव्हता. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी असा फोन कधी आला नव्हता, हेही खरं. त्यातून रविवारपासून दोघींचा अबोला चाललेला. त्यामुळे त्या सकाळी ऑफिसात मोबाईल थरथरला आणि पडद्यावर सासूबाईंचं नाव दिसलं, तेव्हा सूनबाई हातातलं काम टाकून उठलीच. घरात कोणाला तरी काहीतरी झालं, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"अगं, सगळं मोडलं माझं," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे? पडलात का कुठे?"

"मी कशाला पडतेय! पगाराचं सॉफ्टवेअर मोडलं. अख्ख्या कारखान्याचे पगार त्यात अडकलेत आणि ते उघडतच नाहीये." मग त्या जरा थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना बरंच जड गेलं असावं. "तू मोडलेलंच दुरुस्त करतेस ना?"

सूनबाईचा धंदा तोच होता. दुकानांची, दवाखान्यांची, गोदामांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये भरलेली असते तो बिघडला, की त्यात शिरायचं आणि जेवढं वाचेल तेवढं वाचवून आणायचं. लोक तिला चांगले पैसे देत आणि वर आभार मानत. सासूबाईंचं मत मात्र असं, की सूनबाई दिवसभर बोटं आपटते आणि संध्याकाळी पाठ दुखते म्हणते. हे मत त्या तोंडावर बोलून दाखवत नसत, पण शेजारणीला सांगताना आवाज पुरेसा मोठा ठेवत.

"येते," सूनबाई म्हणाली, आणि साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा मागून निघाली.

रविवारी काय झालं होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सासूबाईंना चालू बटण बघवत नसे. खोलीत माणूस नाही आणि दिवा चालू आहे, हे दृश्य त्यांना घरात चोर शिरल्यासारखं वाटे. रोज झोपायच्या आधी त्या घरभर एक फेरी मारत आणि खटाखट सगळी बटणं बंद करत. पाहुण्यांचे मोबाईल रात्रभर चार्जरला लागूनही सकाळी मेलेले निघत. एकदा फ्रिज बंद झाला होता. एकदा सासरेबुवा यंत्राने दाढी करत असताना, स्नानघराचा दिवा उगाच चालू आहे असं समजून त्यांनी बाहेरून बटण दाबलं, आणि सासरेबुवा अर्ध्या दाढीने काळोखात हाका मारत बसले. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. त्यांच्या संसाराला इतकी वर्षं झाली होती की हसण्यावाचून दुसरा उपायही नव्हता.

पण रविवारी सूनबाईच्या संगणकावर एका गिऱ्हाइकाची मोठी दुरुस्ती सकाळपासून चालली होती. ती पाणी प्यायला उठली, सासूबाई खोलीत डोकावल्या, माणूस नाही पण यंत्र चालू, झालं! सगळी मेहनत पाण्यात गेली. सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती जे काही बोलली ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. तेवढ्यावर न थांबता तिने पिवळे चिकटकागद काढले, लाल पेनाने प्रत्येकावर लिहिलं, 'बंद करू नये. कधीही.' 'कधीही'खाली दोन रेघा मारल्या आणि घरातल्या एकूण एक बटणाशेजारी ते कागद चिकटवले.

चष्मा लावून सासूबाईंनी प्रत्येक कागद वाचला. सोमवारी सकाळी फ्रिजच्या बटणाशेजारचा कागद गायब होता. रागाच्या भरात फाडून टाकला असणार, असं सूनबाई धरून चालली, आणि अबोला आणखी घट्ट झाला.

त्यामुळे कारखान्याकडे जाताना सूनबाईच्या मनात काय चाललं होतं ते सांगायची गरज नाही, तरी सांगतो. काय झालं असणार याची तिला खात्री होती. बटण! पगाराचं गणित चालू असताना दाबलं असणार बटण. काळजी तर तिला वाटत होतीच, पण त्या काळजीच्या तळाशी एक छोटासा आनंद गुदगुल्या करत होता, आणि "बघितलंत ना आई?" हे वाक्य जास्तीत जास्त नम्रपणे कसं म्हणावं, याची तालीम ती रस्ताभर करत होती. माणूसच आहे शेवटी.

कारखाना ब्रशांचा होता. बाटल्या घासायचे, बूट पुसायचे, भिंती रंगवायचे, कपडे झटकायचे, सगळे ब्रश. तिथल्या हवेत केस उडत. ते चहात सापडत, खिशात सापडत, बायकांच्या अंबाड्यांत सापडत. सासूबाई रोज घरी आल्या की दारातच साडी झटकत, तरी एखादा राठ केस सोफ्यावर मिळेच. जिन्याच्या वर, काचेच्या छोट्या खोलीत, त्या कितीतरी वर्षं पगाराचं काम बघत होत्या. कारखान्यात त्यांना सगळे पगारकाकू म्हणत. इतक्या वर्षांत यंत्रं बंद पडली, वीज गेली, जुने मालक गेले आणि त्यांचा मुलगा मालक झाला, पण पगार एकदाही उशिरा झाला नव्हता. काकूंची सगळी मिजास त्या एका गोष्टीवर उभी होती.

सूनबाई खोलीत शिरली तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचे हात मांडीवर होते. एवढंच. पण सूनबाईने ते हात रिकामे कधी पाहिले नव्हते. घरी त्या बातम्या ऐकतानाही काहीतरी निवडत, शिवत, पुसत असत. तालीम केलेलं वाक्य तिने तिथेच सोडून दिलं.

मालक खोलीत येरझाऱ्या घालत होते. तरुण होते, सतत घाईत असत, आणि घाईत माणूस जे करतो ते सगळं करून झालं होतं.

"मी तीनदा दुरुस्तीचं बटण दाबलं," ते म्हणाले. "चौथ्यांदा दाबू?"

"नका!" सूनबाई इतक्या जोरात ओरडली की मालकांनी हात मागे घेतला. "बिघडलेल्या फाईलला हात लावायचा नाही. आधी तिची नक्कल काढायची, आणि मग जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर."

"बघा, मी काकूंना कधीचं सांगतोय," मालक जरा नरम आवाजात म्हणाले. "हे काम बाहेर देऊन टाकू. पगार करून देणाऱ्या कंपन्या असतात. करारपत्र आणून ठेवलंय मी." त्यांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. "आज बँक बंद व्हायच्या आत यादी गेली तर ठीक. नाही गेली तर सही करतो. काकूंना आपण दुसरीकडे बसवू. गोदामात, मोजणीला. तिथे हवा पण छान येते."

सासूबाईंनी टेबलाची कड बोटाने पुसली, तिथे धूळ नसताना.

पडद्यावर जे थोडंफार दिसत होतं ते भयानक होतं, आणि खरं सांगायचं तर विनोदीही. रात्रपाळीच्या राखणदाराच्या नावापुढे एवढा लांबलचक आकडा होता की तो पडद्याच्या उजवीकडून बाहेर गेला होता. मालकांच्या नावापुढे वजाचं चिन्ह होतं. ही बातमी खाली पोचायला वेळ लागला नव्हता. राखणदार घरी जायचं सोडून दारात घुटमळत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "बाकीच्यांचं दुरुस्त करा. माझं आहे तसं राहू द्या."

"तुम्ही झोपा जाऊन," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ठिकाणावर आला हे बघून सूनबाईला बरं वाटलं.

"फाईलची आधीची नक्कल आहे का कुठे?" तिने विचारलं.

मालकांचा चेहरा उजळला. ही त्यांच्या अभिमानाची जागा होती. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, लोखंडी तिजोरी उघडली, तिच्यातून एक डबी काढली आणि डबीतून कापसात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह. दर महिन्याला ते स्वतः, स्वतःच्या हाताने, पगाराच्या सॉफ्टवेअरची नक्कल काढून ठेवत. सूनबाईने तो लावून उघडला. आत पुष्कळ नकला होत्या, ओळीने, तारखा घालून. आणि एकीतही काही नव्हतं. मालकांनी दर महिन्याला पडद्यावरचं चित्र तेवढं उचलून पेन ड्राइव्हवर ठेवलं होतं. म्हणजे फाईल नव्हे, तर फाईल कुठे आहे तिकडे बोट दाखवणारं चिन्ह.

"म्हणजे मी तिजोरीत काय ठेवत होतो?" मालकांनी विचारलं.

"पत्ता," सूनबाई म्हणाली. "घराचा पत्ता. घर इथेच होतं, आणि तेच कोसळलंय."

मालक मटकन खुर्चीत बसले. पुढचा बराच वेळ ते कोणाला काही सुचवायला गेले नाहीत, हा त्या पेन ड्राइव्हचा एकमेव उपयोग.

नक्कल काढायला सूनबाईने आपली डिस्क बाहेर काढली. संगणकाच्या पुढच्या खाचेत ब्रशाचे केस गच्च भरले होते, म्हणून मागच्या बाजूला जोडणं भाग होतं. ती टेबलाखाली शिरली. तिथे अंधार होता, जुने नमुन्याचे ब्रश होते, तारांचं जंजाळ होतं, आणि भिंतीवर संगणकाचं बटण. तिने मोबाईलचा उजेड पाडला.

बटणाशेजारी एक पिवळा कागद चिकटवलेला होता. लाल पेन. तिचंच अक्षर. 'बंद करू नये. कधीही.' खाली दोन रेघा.

टेबलाखाली ओणव्याने बसलेल्या माणसाला स्वतःविषयी जे काही वाटू शकतं, ते सगळं सूनबाईला एकदम वाटलं. तिने डिस्क जोडली, बाहेर आली आणि संगणकाची नोंदवही उघडली. कधी चालू झालो, कधी बंद झालो, का झालो, हे यंत्र आपल्याआपण टिपून ठेवतं. ते तिने वाचलं. मग परत एकदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचलेलं तिला आवडलं नव्हतं.

"बटणच दाबलं असणार," मालक कोपऱ्यातून म्हणाले. "सगळ्या कारखान्याला माहीत आहे काकूंची सवय. मागे एकदा मी लिफ्टमध्ये अडकलो होतो."

"मी नाही बंद केलं," सासूबाई म्हणाल्या.

"काकू, आता कशाला..."

"नाही केलं म्हणते ना!"

मालकांनी सूनबाईकडे बघून डोळे बारीक केले, म्हणजे तुम्हाला तर माहीतच आहे, अशा अर्थाने. सूनबाईला गप्प बसता आलं असतं. नोंदवही तिच्याशिवाय कोणाला वाचता येत नव्हती. वीज गेली असेल म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"आई, काल संध्याकाळी नेमकं काय केलंत?" तिने विचारलं.

"महिन्याचं गणित लावलं. त्याला वेळ लागतो. दर महिन्याला मी ते संपेपर्यंत बसते, मग सगळं नीट मिटवते आणि मग बटण बंद करते. काल नाही बसले. म्हटलं, तू एवढी शिकलेली, यातलं तुला कळतं, आणि तू लिहिलंयस की कधीही बंद करू नये. इतकी वर्षं आपलंच चुकत असेल. म्हणून घरातला एक कागद आणून लावला इथे." त्यांनी पदर सारखा केला. "गणित चालू ठेवून घरी आले. चालू राहू दे रात्रभर, म्हटलं."

सूनबाई मालकांकडे वळली. डेटाबेस दुरुस्त करणं याच्यापुढे किरकोळ होतं.

"मालक, आईंनी बटण बंद केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. रात्री संगणक आपल्याआपण बंद होऊन परत सुरू झाला, नवीन अपडेट बसवून घ्यायला. आणि तेव्हा गणित अर्ध्यावर होतं. आईंच्या पद्धतीने सगळं मिटवून, बटण बंद करून घरी गेलं असतं तर काहीही झालं नसतं. चूक माझी आहे. तो कागद मी लिहिलाय."

खाली यंत्रं घरघरत होती. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी होऊ लागलं. आधी भुवया वर गेल्या, मग ओठांची कड हलली, मग त्यांनी हळूच चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"नीट ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "काय करायला हवं होतं?"

"बंद."

"काय बंद?"

"बटण, आई. बटण बंद करायला हवं होतं."

"मालक, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं, काकू."

"नाही, घरी गेल्यावर साक्षीदार लागेल म्हणून विचारलं," सासूबाई म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या. त्या हसल्याचं सूनबाईला इतकं बरं वाटलं की आपली चूक पुन्हा एकदा कबूल करावी असं तिच्या मनात येऊन गेलं.

मग ती कामाला लागली, आणि ती कामाला लागली की बघत राहावं. नकलेवर दुरुस्ती चालवली, ती मध्येच अडकली. मग तिने सगळी फाईल एकदम उचलायचा नाद सोडला आणि एकेक तक्ता वेगळा काढायला घेतला. हजेरीचा तक्ता सुखरूप निघाला. रजांचा निघाला. दरांचा निघाला. प्रत्येक वेळी ती "आला!" म्हणे आणि सासूबाई हुश्श करत. माणसांचा तक्ता मात्र अर्ध्यावर जाऊन अडून बसला. त्याच्या मधोमध एक तुकडा सडला होता, आणि वाचणारा प्रोग्राम तिथे पोचला की कोलमडून पडे.

"आता?" सासूबाईंनी विचारलं.

"किडका बटाटा कसा कापता तुम्ही?"

"दोन्ही बाजूंनी. किडलेलं मध्ये राहतं, ते टाकायचं."

"तेच," सूनबाई म्हणाली. तिने तक्ता पुढून वाचायला लावला, किडीपर्यंत आणला आणि थांबवला. मग उलटा, शेवटापासून मागे मागे वाचत आणला आणि किडीच्या दुसऱ्या बाजूला थांबवला. दोन्ही तुकडे एका नव्या, कोऱ्या फाईलीत ओतले. जेवणाचा भोंगा होऊन गेला, पण जेवायला कोणी उठलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मुकादम वर आला. त्याचा आवाज कारखान्याच्या भोंग्यालाही भारी पडे, म्हणून त्याला सगळे 'भोंगा' म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमान होता. तो दारात उभा राहून कुजबुजला, म्हणजे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

"काकू, लोक विचारतायत. होणार का आज?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. तिला विचारलंही नाही. "संध्याकाळी होईल," त्या म्हणाल्या. "मी कधी उशीर केलाय का?"

"झालं मग!" म्हणत भोंगा खाली गेला, आणि जिन्यातूनच त्याने सगळ्यांना सांगून टाकलं की होणार. सूनबाईची बोटं क्षणभर थांबली. आता शब्द गेला होता. तो तिच्या भरवशावर दिला होता, आणि तिला न विचारता दिला होता. अनोळखी माणसाच्या भरवशावर असा शब्द कोणी देत नाही.

नव्या फाईलीवर महिन्याचं गणित पुन्हा लागलं. ते सावकाश सरकत होतं आणि मालक त्याच्याकडे डोळे लावून बसले होते, बघितल्याने ते लवकर उकळेल अशा आशेने. शेवटी यादी आली. राखणदाराचा आकडा माणसात आला होता. मालकांचं वजाचं चिन्ह गेलं होतं. सासूबाईंनी यादी छापून घेतली, चष्मा लावला, माणसं मोजली आणि म्हणाल्या, "एक कमी आहे."

"किडलेल्या भागात गेलं असेल कोणीतरी. त्या भागातली बहुतेक माणसं नोकरी सोडून गेलेली दिसतायत. पण एक जण अजून आहे. कोण ते शोधायला हवं."

सासूबाई यादी घेऊन खाली उतरल्या. प्रत्येक यंत्रापाशी गेल्या, प्रत्येकाच्या नावावर खूण केली. रंगाच्या खोलीत गेल्या, गोदामात गेल्या, फाटकापर्यंत जाऊन आल्या. झाडूवाली संडासात होती, तिची दाराबाहेरून खात्री करून घेतली. वर आल्या त्या धापा टाकत.

"सगळे आहेत यादीत. एकूण एक. मग कमी कोण?"

मालकांनीही डोकं खाजवलं. सूनबाईने यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि तिला हसूच फुटलं.

"आई, तुम्ही कुठे आहात यात?"

सासूबाईंनी यादी परत घेतली. त्या नव्हत्या. अख्खा कारखाना परत आला होता, फक्त पगारकाकू तेवढ्या किडीत सापडल्या होत्या.

"एवढंच ना," त्या सुटकेने म्हणाल्या. "मग पाठवून दे यादी. बँक बंद होईल. माझं बघू पुढच्या आठवड्यात."

"मुळीच नाही. पगार एकदाही उशिरा झाला नाही म्हणता ना? मग तुमचाही होणार नाही. बसा इथे. नवीन माणूस म्हणून भरून घेते तुम्हाला. पटापट सांगा."

सासूबाई खुर्चीच्या कडेला बसल्या, नोकरी मागायला आल्यासारख्या. जन्मतारीख त्यांनी सुनेच्या कानात सांगितली, मालकांकडे पाठ करून. कामावर लागल्याची तारीख मात्र मोठ्याने सांगितली. पत्ता सूनबाईला माहीतच होता. मग पुढची चौकट आली.

"'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे?' आधी काय होतं इथे?"

"तुझ्या सासऱ्यांचं नाव होतं. पण ते कुठे फोन उचलतात? झिजेल म्हणून कपाटात ठेवतात."

"मग ह्यांचं टाकू?"

"माझा मुलगा दिवसभर पोरांना पोहायला शिकवतो. फोन कुठे, तर कपड्यांच्या खणात. मी बुडाले तरी त्याला संध्याकाळी कळायचं." सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. "आज सकाळी मी कोणाला फोन केला?"

"मला."

"मग विचारतेस काय? लिही."

सूनबाईने स्वतःचं नाव लिहिलं, स्वतःचा नंबर लिहिला. तो लिहिताना दोनदा चुकला. मग 'नाते' ही चौकट आली, आणि तिच्याखाली निवडायची यादी उलगडली. पती, पत्नी, वडील, आई, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आणि शेवटी 'इतर'.

बाण 'इतर'वर जाऊन थांबला. मग जरा वर सरकला.

"मुलगी टाकू का?" तिने विचारलं. "चालतं. पुष्कळ जण टाकतात."

"मुलगी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मुलगी असतीस तर रविवारी एवढी ओरडलीस त्याला एक ठेवून दिली असती. सून आहेस म्हणून ऐकून घेतलं. सून लिही."

"यादीत सून नाहीये, आई."

"नाही म्हणजे? असं कसं नाही?" सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि पडद्याजवळ जाऊन यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. "मग यादी चुकली आहे. पगाराच्या कागदावर खोटं लिहायचं नाही, मी कधी लिहिलं नाही. आणि इतर तर नाहीच नाही. सकाळपासून सगळ्या कारखान्याचं दुरुस्त करतेस, तर हेही कर."

"काकू, बँक..." मालक घड्याळाकडे बघत म्हणाले.

"थांबेल बँक!" काकू म्हणाल्या. ज्या बाईने इतक्या वर्षांत बँकेला एक मिनिट थांबवलं नव्हतं, ती हे म्हणाली.

सूनबाईला डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं, पण त्यासाठी दिसायची गरज नव्हती. ती नात्यांचा तक्ता शोधून त्याच्यात शिरली. 'बहीण' आणि 'इतर' यांच्यामध्ये तिने एक नवी ओळ घातली, दोन अक्षरांची. बाहेर येऊन यादी परत उलगडली. 'सून' तिथे होती, पहिल्यापासून असल्यासारखी. सासूबाईंनी माउस तिच्या हातातून घेतला, बाण स्वतः तिथे नेला आणि स्वतः दाबला.

यादी बँकेत गेली. ती पोचल्याची पावती पडद्यावर आली आणि मालकांचा जीव भांड्यात पडला. ते खिशातला करार काढून त्याच्याकडे बघत राहिले. "म्हणजे बिघाड पण घरातून आणि दुरुस्ती पण घरातून," ते म्हणाले. "बाहेरची कंपनी एवढं कुठून देणार!" मग त्यांनी त्या कागदाची घडी केली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. थोड्याच वेळात खाली एकापाठोपाठ एक मोबाईल वाजू लागले आणि सगळ्यांच्या वरताण भोंग्याचा आवाज आला, "झाला! काकू, झाला!"

संध्याकाळी निघायची वेळ झाली. सासूबाईंनी प्रोग्राम मिटवला. मग संगणक बंद केला आणि त्याची घरघर पूर्ण थांबेपर्यंत हात बांधून उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः शिवलेलं कापडी झाकण त्याच्यावर घातलं. मग सुनेकडे बघितलं.

"आता?"

"आता करा," सूनबाई म्हणाली.

सासूबाई टेबलाखाली वाकल्या. खट् आवाज झाला. वर आल्या तेव्हा त्यांच्या बोटाला पिवळा कागद चिकटलेला होता. त्याच्यावरचे ब्रशाचे केस त्यांनी फुंकरीने उडवले आणि घडी न घालता तो जपून पिशवीत ठेवला.

"टाकून द्या ना तो, आई," सूनबाई म्हणाली.

"टाकू कशाला? फ्रिजचा आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिथे बरोबर लिहिलं होतंस."